साक्ष आणि शपथ: टॉम रॉबिन्सन यांच्या निमित्ताने एक नैतिक विचार

माणसाने आयुष्याच्या एका टप्प्यावर स्वतःविषयी जे जाहीरपणे सांगितले असेल, त्याला तो पुढे कितपत बांधील राहतो, आणि राहत असेल तर नेमका कशाला, उच्चारलेल्या शब्दाला, त्यामागच्या हेतूला की ज्यांच्यासाठी तो शब्द उच्चारला गेला त्या माणसांना, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. खाजगी आयुष्यात तो फारसा टोकाला जात नाही, कारण तिथे बदललेल्या मताचा हिशेब जवळची चार माणसेच मागतात. चळवळीतल्या कलावंताच्या बाबतीत मात्र त्याचे शब्द इतरांनी आपले म्हणून उचललेले असतात, त्याच्या गाण्यावर अनोळखी माणसांनी आपले धैर्य बेतलेले असते, आणि म्हणून तो बदलला की केवळ एक व्यक्ती बदलली असे कोणी मानत नाही. हाच कलावंत ज्या संस्थेने एकेकाळी त्याचा आवाज अडवला तिच्याच माइकसमोर जाऊन बसला, तर प्रश्नाला दुसरी धार येते. इंग्लंडमधील गायक, समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते आणि पुढे बीबीसीचे निवेदक झालेले टॉम रॉबिन्सन यांच्या जीवनक्रमात हे दोन्ही बदल घडले असल्यामुळे प्रस्तुत विवेचनासाठी त्यांचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

रॉबिन्सन यांचा जन्म १९५० साली केंब्रिज येथे झाला. त्यांच्या कुमारवयात इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध हा फौजदारी गुन्हा होता. १९६७ च्या लैंगिक अपराध कायद्याने तो अंशतः रद्द केला, पण केवळ इंग्लंड आणि वेल्सपुरता, केवळ एकांतात आणि केवळ एकवीस वर्षांवरील पुरुषांसाठी. स्कॉटलंडला त्यासाठी १९८० पर्यंत आणि उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत थांबावे लागले. त्याच इंग्रजी कायदापरंपरेतून १८६० च्या भारतीय दंडसंहितेत आलेले कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला, हे लक्षात घेतले की मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण उरत नाही. इंग्लंडमधल्या त्या वातावरणात एका सहाध्यायी मुलावर प्रेम जडल्याच्या अपराधभावनेतून सोळा वर्षांच्या रॉबिन्सन यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले आणि केंट परगण्यातील फिंचडेन मॅनर या, जॉर्ज लायवर्ड यांनी भावनिकदृष्ट्या खचलेल्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी संस्थेत काही वर्षे राहिले. ब्लूज संगीतकार अलेक्सिस कॉर्नर हे त्याच संस्थेचे माजी रहिवासी होते. त्यांनी तिथे येऊन केलेल्या गायनाने रॉबिन्सन यांना संगीताची वाट दिसली. कॉर्नर स्वतः पुढे बीबीसीच्या नभोवाणीवर संगीताचे कार्यक्रम सादर करत असत.

रॉबिन्सन ज्या शाळेत शिकत होते ती सॅफ्रन वॉल्डन येथील शाळा क्वेकर पंथाची होती. त्यांच्या पुढील आयुष्याचे कारण त्या पंथाच्या शिकवणीत शोधण्याचा इथे हेतू नाही. मात्र त्यांच्या आयुष्याने उभ्या केलेल्या प्रश्नाकडे पाहण्यासाठी त्या पंथाच्या दोन आचारांची मदत होते. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून उभ्या राहिलेल्या या ख्रिस्ती पंथाची धारणा अशी की प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाशाचा अंश असतो आणि म्हणून मध्यस्थ पुरोहिताची गरज नसते. ब्रिटनमधील त्यांच्या पारंपरिक उपासनेत सगळे निःशब्द बसतात. ज्याला आतून बोलण्याची प्रेरणा होते तो उठतो, थोडके बोलतो आणि पुन्हा बसून इतरांसह ऐकू लागतो. दुसरा आचार शपथेविषयीचा आहे. न्यायालयात शपथ घ्यायला क्वेकर नकार देत आले, कारण शपथेवर बोललेले तेवढे खरे असे मानले, तर एरवी बोललेले कमी खरे ठरते आणि सत्याचे दोन दर्जे निर्माण होतात. शपथेपेक्षा त्यांच्या परंपरेत साक्षीच्या कल्पनेला महत्त्व आहे. शपथ भविष्याला बांधून घेते. साक्ष देणारा मात्र जे आज जाणवते आहे ते आजच्या जबाबदारीवर सांगतो, आणि उद्या जाणीव पालटली तर तेही तितक्याच उघडपणे सांगण्याची तयारी ठेवतो. याच पंथातील काही जणांनी १९६३ साली लैंगिकतेविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि नात्याची नैतिकता त्याच्या बाह्य प्रकारावरून नव्हे तर त्यातील प्रेमाच्या गुणवत्तेवरून ठरवावी, असे मत मांडले. त्या वेळी इंग्लंडचा कायदा अजून चार वर्षे मागे होता.

रॉबिन्सन यांची पहिली मोठी सार्वजनिक साक्ष म्हणजे लंडनच्या १९७६ च्या प्राइड मोर्चासाठी त्यांनी लिहिलेले 'ग्लॅड टू बी गे' हे गाणे. शीर्षकात आनंद असला तरी गाण्याचा सूर कडवट उपरोधाचा आहे. पोलिसांच्या धाडी, वृत्तपत्रांची हेटाळणी, रस्त्यावरची मारहाण आणि घरच्यांशी रोज बोलावे लागणारे खोटे यांची यादी एकीकडे आणि सामूहिक गायनाला सोपे, जवळजवळ गुत्त्यात म्हटल्यासारखे पालुपद दुसरीकडे, अशी त्याची रचना आहे. १९६७ चा कायदा झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे मानणाऱ्या समलिंगी माणसांनाही त्यात चिमटा आहे. १९७८ च्या आरंभी हे गाणे 'रायझिंग फ्री' नावाच्या चार गाण्यांच्या तबकडीवर प्रसिद्ध झाले आणि ती तबकडी ब्रिटिश खपाच्या यादीत अठराव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तबकडी यादीत आहे, पण त्यातले सर्वांत चर्चेत असलेले गाणे नभोवाणीवर नको, या पेचातून बीबीसीच्या रेडिओ वन वाहिनीने साप्ताहिक यादीच्या कार्यक्रमात सोपी वाट काढली आणि त्याच तबकडीवरचे दुसरे, निरुपद्रवी वाटणारे गाणे वाजवले. लंडनच्या कॅपिटल रेडिओ या व्यापारी केंद्रावर मात्र श्रोत्यांच्या पसंतीच्या यादीत हे गाणे सलग सहा आठवडे अग्रस्थानी राहिले.

अशा वगळण्यातला अन्याय नेमका कोणावर होतो, याचे उत्तर जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८५९ च्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथाच्या आधारे देता येते. मत दडपल्याने बोलणाऱ्याचे नुकसान होतेच, पण त्याहून मोठे नुकसान ते मत ज्यांना ऐकायला मिळाले नाही त्यांचे होते, असा मिल यांचा युक्तिवाद आहे. नभोवाणीच्या बाबतीत तो अधिकच लागू पडतो, कारण सभेला जायला किंवा तबकडी विकत घ्यायला धैर्य आणि पैसा लागतो, तर रेडिओ आपल्या खोलीत, हळू आवाजात, कोणाला न कळता ऐकता येतो. ज्याला या गाण्याची सर्वाधिक गरज होती तो लहान गावातला एकाकी मुलगा तबकडीच्या दुकानात जाण्याची शक्यता सर्वांत कमी होती. बीबीसी ही परवाना शुल्कावर, म्हणजे घराघरातून गोळा होणाऱ्या पैशावर चालणारी सार्वजनिक संस्था असल्यामुळे तिच्या मौनालाही अर्थ चिकटत होता: जे सर्वांच्या पैशाने ऐकवले जात नाही ते सर्वांच्या जगात मोडत नाही, असा तो अर्थ होता.

याच काळात रॉबिन्सन यांच्या वाद्यवृंदाने 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वंशवादविरोधी चळवळीत भाग घेतला. गायक एरिक क्लॅप्टन यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या वक्तव्यानंतर ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला आणि तिथल्या मैफलीत द क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स यांच्यासह रॉबिन्सन यांचा वृंदही गायला. इथे 'ग्लॅड टू बी गे'चे स्वरूप पालटले. एकट्या माणसाने स्वतःविषयी दिलेली साक्ष हजारो लोक, त्यांत समलिंगी नसलेलेही, एका सुरात गाऊ लागले तेव्हा ती सामूहिक झाली. सामूहिक झालेल्या शब्दावर गायकाची मालकी उरत नाही, आणि मालकी गेली तरी त्या शब्दाशी सुसंगत राहण्याची अपेक्षा मात्र त्याच्याकडूनच केली जाते. चळवळीतल्या कलावंताचा नैतिक पेच इथून सुरू होतो.

हा पेच प्रत्यक्षात आला तो ऐंशीच्या दशकात, रॉबिन्सन एका स्त्रीच्या प्रेमात पडले आणि पुढे तिच्याबरोबर त्यांनी संसार मांडला तेव्हा. खपाऊ वृत्तपत्रांनी याची चविष्ट बातमी केली आणि समलिंगी समाजातल्या काहींना ती प्रतारणा वाटली. रॉबिन्सन यांनी आपली पूर्वीची ओळख खोटी होती असे म्हणायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की लढा कोणीही कोणावरही प्रेम करण्याच्या स्वातंत्र्यासाठी होता आणि त्या स्वातंत्र्याला अपवाद असू शकत नाही. १९९६ साली त्यांनी आपल्या एका संग्रहाला 'हॅविंग इट बोथ वेज', म्हणजे दोन्हीकडचे सुख उपभोगणे, असे नाव देऊन टीकाकारांचा टोमणा स्वतःच वापरून टाकला.

या प्रसंगाचे तत्त्वज्ञानातले सर्वांत नेमके विश्लेषण आधीच, १९४३ साली, ज्याँ-पॉल सार्त्र यांनी आपल्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या नावाने परिचित असलेल्या ग्रंथात केलेले आढळते. आत्मवंचना, म्हणजे स्वतःच्या स्वातंत्र्यापासून पळण्यासाठी स्वतःशीच केलेली लबाडी, ही संकल्पना समजावताना त्यांनी एका समलिंगी पुरुषाचे आणि त्याच्या प्रामाणिकपणाच्या कैवारी मित्राचे उदाहरण घेतले आहे. आपले वर्तन मान्य करूनही आपण 'तसा' आहोत हे न मानणारा तो पुरुष आत्मवंचना करतोच; पण 'तू तसाच आहेस हे कबूल कर' असा आग्रह धरणारा मित्रही निर्दोष नाही, कारण जिवंत, बदलू शकणाऱ्या माणसाने स्वतःला एखाद्या वस्तूसारखे पक्के आणि पूर्ण घोषित करावे, अशी त्याची मागणी असते. रॉबिन्सन यांच्या बाबतीत ही मागणी दोन विरुद्ध बाजूंनी आली. तो पूर्वी खोटे बोलत होता हे त्याने मान्य करावे, असे एका बाजूचे म्हणणे होते, तर तो आता खोटे जगत आहे हे त्याने मान्य करावे, असे दुसऱ्या बाजूचे. माणसाचे सत्य एकदाच आणि कायमचे ठरते, हे गृहीतक दोघांनाही समान होते.

या गृहीतकाला छेद देणारा विचार भारतीय परंपरेत 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात आढळतो. पहिल्या प्रहरी पेटलेली ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत एकच की वेगळी, या प्रश्नावर भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला सांगतात की ती तीच नाही आणि वेगळीही नाही. एका अखंड प्रवाहामुळे आपण तिला एक म्हणतो. रॉबिन्सन यांच्या गाण्याच्या इतिहासात हा विचार प्रत्यक्ष पाहायला मिळतो. त्यांनी 'ग्लॅड टू बी गे' वेळोवेळी नव्याने लिहिले. पालुपद राखून ते कडवी बदलत गेले. १९८७ च्या पाठात एड्सच्या साथीच्या आडून वृत्तपत्रांनी पसरवलेला द्वेष आला, आणि त्यानंतरच्या पाठांत त्यांच्या बदललेल्या नात्यालाही जागा मिळाली. लोकप्रिय गाणे जसेच्या तसे गाणे श्रोत्यांना आवडते आणि गायकाला सोयीचे असते. रॉबिन्सन यांनी ती सोय नाकारली, आणि त्यामुळे त्यांचा बदल गाण्याबाहेर लपून न राहता गाण्यातच नोंदला गेला.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे हे टीकाकारांवर अन्याय करणारे होईल. तत्त्वज्ञ पॉल रिकर यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या ओळखीचे दोन अर्थ वेगळे केले: एक, गुणधर्म तेच राहणे, आणि दुसरा, परिस्थिती व मन बदलले तरी दिलेला शब्द पाळून स्वतः टिकणे. दुसऱ्या अर्थाने पाहता टीकाकार विचारू शकतात की हजारोंना बळ देणारे गाणे हे एक वचनच नव्हते काय? शिवाय त्यांच्या नाराजीला व्यावहारिक आधारही होता. समलिंगी प्रेम ही तात्पुरती अवस्था आहे, योग्य स्त्री भेटली की सुटते, हा दावा विरोधक पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते आणि एका प्रसिद्ध कार्यकर्त्याच्या संसाराने त्यांना आयते उदाहरण मिळणार होते. शाळांमध्ये व स्थानिक संस्थांमध्ये समलैंगिकतेच्या 'प्रसारा'ला मनाई करणारे कलम २८ ब्रिटनमध्ये १९८८ साली लागू झाले होते. अशा काळात एकजुटीची अपेक्षा करणे अवाजवी म्हणता येत नाही.

या आक्षेपाचे उत्तर वर सांगितलेल्या शपथ आणि साक्ष यांच्या भेदात आहे. त्या गाण्यात कोणावर प्रेम करीन याचे वचन नव्हते. जे आहे ते लपवणार नाही आणि लपवायला भाग पाडणाऱ्या व्यवस्थेला मान्यता देणार नाही, एवढीच त्यातली बांधिलकी होती. या कसोटीवर पाहिले तर नवे नाते लपवून जुनी प्रतिमा जपणे हाच शब्दभंग ठरला असता, कारण मग समाजाच्या भीतीने दुहेरी आयुष्य जगण्याची जी सक्ती गाण्याने नाकारली होती तीच गायकाने चळवळीच्या भीतीने पत्करली असती. रिकर यांच्या दुसऱ्या अर्थाने पाळायचा शब्दही मग हाच ठरतो. विरोधकांनी उदाहरणाचा दुरुपयोग करण्याचा धोका यामुळे नाहीसा होत नाही. पण त्याची जबाबदारी दुरुपयोग करणाऱ्यांवर राहते, आणि जुन्या साक्षीला खोटे न ठरवता नवी साक्ष देऊन रॉबिन्सन यांनी त्या दुरुपयोगाची वाट जमेल तितकी अरुंद केली.

दुसरा बदल संस्थेशी असलेल्या नात्याचा. १९८६ साली बीबीसीच्या एका निर्मात्याने रॉबिन्सन यांना वर्ल्ड सर्व्हिसवर मालिका सादर करण्यास बोलावले आणि तिथून त्यांची निवेदक म्हणून वाटचाल सुरू झाली. नव्वदच्या दशकात रेडिओ फोरवरील 'द लॉकर रूम' या मालिकेत त्यांनी पुरुषांना पुरुषपणाविषयी बोलते केले. समलिंगी संगीताच्या इतिहासावरील त्यांच्या माहितीपटाला १९९७ साली सोनी पुरस्कार मिळाला. आणि २००२ साली सुरू झालेल्या सिक्स म्युझिक या वाहिनीवर त्यांनी दीर्घकाळ कार्यक्रम सादर केले. ज्या संस्थेने गाणे टाळले तिनेच गायकाला माइक दिला, ही घटना प्रगतीची खूण मानायची की पराभवाची? तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूज यांनी १९६५ च्या एका निबंधात दमनकारी सहिष्णुता ही कल्पना मांडली होती. प्रस्थापित व्यवस्था विरोधाला ठेचण्याऐवजी जागा देते आणि तो अनेक आवाजांपैकी एक करून निष्प्रभ करते, असा तिचा आशय आहे. तटस्थतेच्या नियमांनी बांधलेल्या सार्वजनिक नभोवाणीतला माजी बंडखोर हे या सिद्धांताला अगदी जुळणारे उदाहरण वाटू शकते.

सिद्धांताची कसोटी मात्र तपशिलात लागते. रॉबिन्सन यांच्या नभोवाणीतील उत्तरार्धाचा मोठा भाग अप्रसिद्ध संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांना दिलेला आहे. 'बीबीसी इंट्रोड्यूसिंग' या २००७ पासूनच्या उपक्रमात कोणत्याही कंपनीशी करार नसलेला संगीतकार आपले ध्वनिमुद्रण थेट संस्थेकडे पाठवू शकतो. स्थानिक केंद्रांवरील निवेदक ते ऐकतात आणि निवडक ध्वनिमुद्रणे पुढे राष्ट्रीय वाहिन्यांपर्यंत पोहोचतात. अशा निवडींचा कार्यक्रम रॉबिन्सन यांनी सादर केला. शिवाय त्यांनी 'फ्रेश ऑन द नेट' हा स्वतंत्र उपक्रम सुरू केला, ज्यात आलेली गाणी स्वयंसेवक ऐकतात, आठवड्याच्या शेवटी त्यांतली काही सर्वांपुढे ठेवली जातात आणि कोणती आवडली हे श्रोतेच सांगतात. कोण प्रसिद्ध, कोणामागे कोणती कंपनी, याला त्या ऐकण्यात स्थान नसते. १९७८ साली ऐकायला नकार मिळालेला माणूस इथे ऐकण्याची व्यवस्था उभारतो. क्वेकर सभेतल्या उपासकाप्रमाणे आपले बोलून झाल्यावर खाली बसून इतरांना वाव देणे, हाही साक्षीच्याच शिस्तीचा भाग आहे.

याचा अर्थ मार्क्यूज यांचा आक्षेप निकालात निघाला असा नाही. निवडणारा माणूस नाकारणाराही असतो. आलेल्या गाण्यांपैकी बहुतेक वाजत नाहीत आणि दार उघडणाऱ्याच्याच हाती दार लावण्याचा अधिकार असतो. शिवाय संस्थेचा दरवाजा संस्थेच्या मर्जीवर उघडा राहतो: २०१० साली बीबीसीच्या व्यवस्थापनाने सिक्स म्युझिक बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि श्रोत्यांच्या तीव्र विरोधानंतर बीबीसी ट्रस्टने तो फेटाळला, तेव्हाच ती वाहिनी वाचली. म्हणून आत गेलेल्या कार्यकर्त्याचे मूल्यमापन तो आत गेला की नाही यावरून न करता तीन प्रश्नांवरून करणे न्याय्य ठरेल. आत जाण्यासाठी त्याने जुनी साक्ष मागे घेतली काय? मिळालेला माइक त्याने स्वतःपुरता वापरला की ज्यांना तो मिळत नाही त्यांच्यासाठी? आणि आपल्या हातातील निवडीचा अधिकार त्याने इतरांबरोबर वाटून घेतला काय? रॉबिन्सन यांनी आपले गाणे गाणे सोडले नाही, अप्रसिद्धांना प्रक्षेपणाचा वेळ दिला आणि निवडीचा काही भाग श्रोत्यांच्या हाती सोपवला; त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरे, पूर्णतः नसली तरी मुख्यतः, त्यांच्या बाजूने जातात.

यातून निष्ठेविषयी एक व्यापक निष्कर्ष निघतो. निष्ठा म्हणजे तेच शब्द उच्चारत राहणे असे मानले, तर बदलणारा प्रत्येक माणूस गद्दार ठरतो आणि न बदलणारा केवळ हट्टाच्या जोरावर संत ठरतो. निष्ठा म्हणजे त्या त्या वेळी मनाला येईल ते बोलणे असे मानले, तर तिच्यावर कोणी विसंबू शकत नाही. साक्षीची कल्पना या दोहोंपेक्षा अवघड अट घालते. साक्ष देणाऱ्याने काल सांगितलेले नाकारू नये, आज जे बदलले ते लपवू नये, आणि आपल्याला मिळालेल्या श्रवणाचे ऋण दुसऱ्याला ऐकून फेडावे. चळवळींनी आपल्या कलावंतांकडून शपथेची अपेक्षा धरली की त्यांच्या हाती बहुधा एक गोठलेली प्रतिमा उरते, आणि ती प्रतिमा जपण्यासाठी पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी पुन्हा काहीतरी लपवावे लागते. साक्ष मागितली तर चळवळीला गैरसोयीचे सत्यही ऐकावे लागते. पण लपवण्याच्या सक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीला ही गैरसोय टाळण्याचा अधिकार आहे, असे तिच्याच तत्त्वांच्या आधारे म्हणता येत नाही.